सोयरसुतक नसलेले पुजारी

मैंदर्गी हे अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारं, ज्वारी-तुरीच्या मुलखातलं गाव. घरात कानडी, शाळेत आणि कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही, असा इथला रोजचा व्यवहार. इथून हिमालय जितका लांब, तितकाच तो इथल्या माणसांच्या इतिहासालाही परका असणार, असं वरवर वाटतं. परदेशी राहणारी माणसं म्हटलं की आपल्याला आखात आठवतं, अमेरिका आठवते. एखादा चिमुकला डोंगरी देश सहसा आठवत नाही. आठवलाच तर तिथे गेलेला माणूस म्हणजे कुणी सल्लागार, शिक्षक किंवा इंजिनिअर, आणि ही गोष्ट गेल्या पन्नास-साठ वर्षांतली, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दक्षिणेतून हिमालयातल्या लहान राज्यांत जाऊन आयुष्य काढण्याची रीत शतकांची आहे, आणि तिचा एक धागा मैंदर्गी ज्या पट्ट्यात आहे त्या सोलापूर, कलबुर्गी, नांदेडच्या वीरशैव मठांच्या मुलखातून जातो. केदारनाथचे रावल, म्हणजे मुख्य पुरोहित, आणि पुजारी कर्नाटक-महाराष्ट्रातल्या वीरशैव समाजातून येतात, बदरीनाथचे रावल केरळातल्या नंबुद्री घराण्यांतून, आणि काठमांडूच्या पशुपतिनाथाची पूजा कर्नाटकातले भट्ट करतात. गढवाल १८०३ पर्यंत स्वतंत्र राज्य होतं आणि नेपाळ आजही देश आहे. म्हणजे ही माणसं आजच्या भाषेत परदेशी नोकरीवर गेलेली होती. त्यांच्याविषयी मला जे म्हणायचं आहे ते एवढंच की परकेपणा ही त्यांच्या नोकरीतली अडचण नव्हती, तीच त्यांची पात्रता होती. त्यांनी कुठे जेवावं, लग्न करावं की नाही, कोणत्या वस्तूला हात लावावा आणि कोणत्या किल्लीला लावू नये, हे सगळं त्यांचं परकेपण शाबूत राहावं अशा बेतानं ठरवलेलं होतं.

सगळ्यात ठळक पुरावा पशुपतिनाथाचा आहे. नेपाळच्या वंशावळी, म्हणजे तिथल्या बखरी, दक्षिणेतल्या भट्टांना पशुपतिनाथाच्या सेवेत नेमण्याचं श्रेय यक्ष मल्ल या राजाला देतात. त्याचा काळ पंधराव्या शतकाचा, साधारण १४२८ ते १४८२. दक्षिणेतूनच पुजारी का, याचं नेपाळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाणारं कारण मराठी वाचकाला चटकन उमगेल असं आहे. राजा हा प्रजेचा बाप. तो गेला की सगळ्या प्रजेला सुतक. पण पशुपतिनाथ हा राज्याचा धनी, त्याची पूजा एक दिवसही चुकवून चालत नाही. मग सुतक नसलेला माणूस हवा, आणि तो प्रजेत मिळणं शक्य नाही. तो बाहेरूनच आणायला हवा. ज्याचा राजाशी रक्ताचा, जमिनीचा, प्रजाधर्माचा संबंध नाही, ज्याला राजाच्या मरणाचं खरोखरीच काही सोयरसुतक नाही, असा माणूस राज्याच्या सगळ्यात पवित्र जागी उभा करायचा. हे कारण नेमणुकीच्या वेळचंच असेल की नंतर जोडलेलं असेल, यावर वाद घालता येईल. पण समाजानं स्वतःच्या एका रीतीचं कोणतं स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या जपलं, हाही पुरावाच असतो. नेपाळनं जपलेलं स्पष्टीकरण भट्टांच्या विद्वत्तेइतकंच त्यांच्या परकेपणाकडे बोट दाखवतं.

याच विचाराची उलटी बाजूही नेपाळात होती, आणि ती अगदी अलीकडे जगानं पाहिली. १ जून २००१ ला काठमांडूच्या राजवाड्यात राजा वीरेंद्र आणि त्यांचं कुटुंब मारलं गेलं. अकराव्या दिवसाच्या सुमाराला ‘कट्टो’चा विधी झाला. त्यात एका ब्राह्मणाला राजाचा वेश घालतात, त्याला वर्ज्य अन्न खाऊ घालतात, हत्तीवर बसवतात आणि खोऱ्याच्या बाहेर काढून देतात. मेलेल्या राजाचा दोष तो आपल्याबरोबर घेऊन जातो. हा ब्राह्मण मात्र स्थानिक असतो. या दोन रीती शेजारी ठेवल्या की मला त्या एकाच व्यवस्थेचे दोन हात वाटतात. ज्याला सुतक आहे त्याच्या डोक्यावर ते सगळं लादून त्याला खोऱ्याबाहेर घालवायचं, आणि ज्याला सुतक नाही त्याला बाहेरून आणून गाभाऱ्यात ठेवायचं. आतला माणूस परका करायचा आणि परका माणूस आत घ्यायचा. हत्तीवरून निघालेल्या त्या ब्राह्मणाची छायाचित्रं जगभर छापली गेली. त्याच दिवसांत पशुपतिनाथाची पूजा ज्यांच्या हातून नेहमीसारखी चालू होती, त्या दक्षिणी भट्टांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

नेपाळी राज्यकर्ते परक्यांच्या बाबतीत भोळे होते असं तर मुळीच नव्हतं, म्हणून या रीतीचं महत्त्व अधिक. पृथ्वीनारायण शाहानं १७६८-६९ मध्ये काठमांडूचं खोरं जिंकलं तेव्हा तिथे परक्यांची मोठी वस्ती होती. तिबेटशी व्यापार करणारे गोसावी होते, काश्मिरी सावकार होते, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाण मांडलेले इटालियन कॅपुचिन पाद्री होते. पृथ्वीनारायणाला परक्या व्यापाऱ्यांचा आणि हेरगिरीचा धसका होता. गोसाव्यांचा व्यापार मोडला, पाद्री देश सोडून गेले. भट्ट मात्र पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यात होते तिथेच राहिले. एकाच राजाच्या एकाच धोरणातून हे वेगळे निकाल निघाले, कारण ही परक्यांची जात वेगळी होती. गोसाव्याकडे पैसा होता आणि तो सीमेपलीकडे हलवण्याची वाट होती. पाद्र्याकडे धर्मांतराचा हेतू आणि बाहेरचा धनी होता. भट्टाकडे यातलं काही नव्हतं. पुढे १८५४ मध्ये जंगबहादूर राणांनी ‘मुलुकी ऐन’ हा कायदा केला आणि राज्यातल्या सगळ्या जातींची उतरंड लिहून काढली, तेव्हा भारतीय ब्राह्मणांना नेपाळी ब्राह्मणांत मिसळू न देता त्यांची पायरी वेगळी ठेवली. मान दिला, पण मिसळू दिलं नाही.

मराठी माणसाला नेपाळातला मराठी आठवतो तो पेशवाईचा. १८५७ चा उठाव मोडल्यावर नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले, आणि त्यांच्या कुटुंबातल्या स्त्रियांना जंगबहादूरांनी काठमांडूत आसरा दिला. अवधच्या बेगम हजरत महलही तिथेच राहिल्या आणि १८७९ मध्ये तिथेच वारल्या. आपल्या इतिहासात या आश्रितांवर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते योग्यच आहे. पण दैनंदिन आयुष्याच्या दृष्टीनं पाहिलं तर हे लोक भट्टांच्या बरोबर उलट टोकाला होते. त्यांच्याकडे नाव होतं, दावा होता, जडजवाहीर होतं, आणि म्हणून त्यांच्यावर दरबाराची नजर होती. इंग्रजांना दुखवायचं नाही आणि शरणागताला सोडायचं नाही, या दोन्हींच्या मध्ये त्यांचं आयुष्य अडकलं. सत्तेचा दावा सांगणारा परका आणि कसलाच दावा नसलेला परका यांत नेपाळी दरबारानं नेहमी दुसऱ्याला जवळ केलं.

आता गढवालकडे वळू. बदरीनाथाची पूजा आधी दंडी संन्याशांकडे होती. १७७६ मध्ये शेवटचे संन्यासी रामकृष्ण स्वामी वारसाशिवाय वारले, तेव्हा योगायोगानं तिथे असलेल्या गढवालच्या राजानं देवाचा नैवेद्य शिजवणाऱ्या गोपाल नावाच्या नंबुद्री ब्रह्मचाऱ्याला रावल नेमलं. तेव्हापासून बदरीनाथच्या रावलांची गृहस्थ नसलेली नंबुद्री परंपरा चालू आहे. या एका नेमणुकीत राजाची सगळी नीती दिसते. जवळपास डिमरी ब्राह्मण होते, त्यांची गावं होती, कुळं होती, पूजेत त्यांचे हक्क होते आणि आजही आहेत. पण गर्भगृहातल्या मूर्तीला हात लावण्याचा अधिकार त्यांना न देता दोन हजार किलोमीटरवरच्या ब्रह्मचाऱ्याला दिला गेला, आणि लग्न केलं की पद गेलं अशी अट ठेवली. केदारनाथलाही तोच आराखडा थोड्या फरकानं दिसतो. रावल वीरशैव, आजन्म ब्रह्मचारी, मुक्काम केदारनाथच्या खाली असलेल्या ऊखीमठात. तो स्वतः केदारनाथच्या गाभाऱ्यात पूजा करत नाही; त्याचे दक्षिणेतून आलेले शिष्य ती करतात, आणि कोणी कोणत्या देवळात जायचं हे तो दर वर्षी ठरवतो. यात्रेकरूंचे उपाध्ये, त्यांच्या कुळांच्या वह्या, दक्षिणा, राहण्याची सोय हे सगळं स्थानिक तीर्थपुरोहितांकडे. पशुपतिनाथालाही अशीच विभागणी आहे: लिंगाला स्पर्श फक्त भट्टानं करायचा, पूजेची तयारी आणि सामानाची राखण स्थानिक भंडाऱ्यांनी करायची, आणि त्यांनी लिंगाला हात लावायचा नाही. देवाला शिवणारा माणूस परका आणि देवाची संपत्ती सांभाळणारा माणूस गावचा, अशी ही कुलूप आणि किल्ली दोन घरांत ठेवण्याची रीत आहे.

या विभागणीनं परक्या पुजाऱ्याचं रोजचं जगणं कसं घडवलं असेल, याचा अंदाज नियमांवरून बांधता येतो. केदारनाथचं देऊळ अक्षय्य तृतीयेच्या आसपास उघडतं आणि भाऊबीजेला बंद होतं. सोलापूर-कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या पुढे जातो त्या दिवसांत या मुलखातला जंगम, म्हणजे वीरशैव पुरोहित घरातला, तरुण साडेतीन हजार मीटरांहून उंच, अंगणात बर्फ साचलेलं देऊळ उघडतो. आणि इकडे घरोघर दिवाळी चालू असते तेव्हा तो देवाच्या पालखीबरोबर खाली ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात उतरतो. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कानडी वचनं, मठातली पाद्यपूजा हे सगळं मागे राहतं. गढवाली त्याला यायला लागते, पण त्याचं लग्न गढवालात होत नाही, त्याची जमीन गढवालात होत नाही, त्याचा मुलगा त्याच्या जागी बसत नाही. त्याचा वारस म्हणजे शिष्य, आणि तो शिष्यही पुन्हा दक्षिणेतूनच येणार. म्हणजे दर पिढीला परकेपणा नव्यानं भरला जातो. एरवी कुठल्याही स्थलांतराची दुसरी पिढी रुळते, तिसरी पिढी गावची होते. इथे दुसरी पिढी निर्माणच होणार नाही याची दक्षता घेतलेली आहे, आणि हा माझ्या मते सगळ्यात निर्णायक पुरावा आहे. नुसती विद्वत्ता हवी असती तर विद्वानाला जमीन देऊन वसवलं असतं. भारतातल्या असंख्य राजांनी तेच केलं, ब्राह्मणांना अग्रहारं दिली, मठांना गावं दिली. हिमालयातल्या या राजांनी देवळाला गावं दिली, पण देवळाच्या पुजाऱ्याला वंश दिला नाही.

आणि इथे मैंदर्गीच्या पट्ट्याचा संबंध केवळ भूगोलाचा राहत नाही. वीरशैव आचारात पंचसूतकं मानत नाहीत. जननसूतक, मरणसूतक, रजःसूतक, जातिसूतक आणि उच्छिष्टसूतक, ही पाचही इष्टलिंग धारण करणाऱ्याला लागत नाहीत, अशी ही शिकवण आहे. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे वीरशैव संतांनी, कल्याणमध्ये याच भूमिकेवरून केवढा संघर्ष केला, हे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या मुलखात वेगळं सांगायला नको. सुतकाच्या भीतीनं बाहेरचा पुजारी शोधणाऱ्या हिमालयाला, ज्याच्या धर्मानं सुतकच नाकारलेलं आहे असा पुजारी मिळावा, ही मोठी अन्वर्थक गोष्ट आहे. शिवाय या पट्ट्यातल्या मठांनी माणसाला लहानपणापासून परका व्हायला शिकवलं. जंगम घरातला मुलगा अय्याचाराची दीक्षा घेतो, काही मुलं मठाचे ‘मरी’ म्हणून निवडली जातात, घर सोडून गुरूच्या ताब्यात जातात, आणि पट्टाभिषेकानंतर त्यांचं जुनं नावही मागे पडतं. त्यांना काशीच्या जंगमवाडी मठात किंवा हानगल कुमारस्वामींनी १९०९ मध्ये बदामीजवळ काढलेल्या शिवयोगमंदिरात शिकायला पाठवण्याची परंपरा आहे. काशीचा हा मठ मोगल बादशहांची फर्मानं जपून असलेला, उत्तरेतला दक्षिणेचा तळ. १८७१ मध्ये मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरपर्यंत रेल्वे पोचली आणि दुधनी, होटगीसारख्या स्टेशनांवरून काशीची वाट कितीतरी सोपी झाली. होटगी मठाचे डॉ. मल्लिकार्जुन शिवाचार्य अलीकडेच काशी पीठाचे जगद्गुरू झाले, यावरून ही ये-जा आजही किती जिवंत आहे हे कळतं. पंचपीठांच्या मांडणीत प्रत्येक जंगम घराचं गोत्र रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल किंवा काशी यांपैकी एका पीठाशी जोडलेलं असतं. म्हणजे मैंदर्गीसारख्या गावातल्या ज्या घराचं गोत्र भृंगी, ते केदार पीठाचं, आणि त्याचा गुरू शास्त्रानुसार ऊखीमठातला. हिमालय त्या घराला यात्रेचं ठिकाण तर आहेच, पण त्याआधी ते आपल्या गुरूचं घर आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दक्षिणेचे पुजारी उत्तरेत नेमण्याची योजना आद्य शंकराचार्यांची, आणि तिचा हेतू भारताची एकात्मता. ही समजूत आदरानं बाळगली जाते आणि तिच्यामागची भावना मला मोलाची वाटते, पण पुरावा तिला साथ देत नाही. पशुपतिनाथाच्या भट्टांची परंपरा वंशावळी पंधराव्या शतकापर्यंत नेतात, बदरीनाथची नंबुद्री परंपरा अठराव्या शतकात एका राजाच्या तडकाफडकी निर्णयातून सुरू झाली. आणि केदारनाथ तर या चौकटीत बसतच नाही, कारण तिथला पुजारी वीरशैव आहे आणि वीरशैव मठपरंपरा शंकराचार्यांच्या पीठांना आपलं मूळ मानत नाही. जून २०१३ च्या महापुरानंतर केदारनाथची पूजा कुठे चालू ठेवायची यावर तेव्हाचे शंकराचार्य स्वरूपानंद आणि केदारनाथचे रावल यांच्यात उघड मतभेद झाला, त्यातही या दोन परंपरा वेगळ्या आहेत हे दिसलं. पंचपीठांच्या प्राचीनतेबद्दल बसवपरंपरेचे अभ्यासक आणि आचार्यपरंपरेचे अनुयायी यांच्यातही जुना वाद आहे. त्या वादाचा निकाल काहीही लागो, माझ्या मुद्द्याला धक्का बसत नाही, कारण पीठ कधी स्थापन झालं यापेक्षा तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला बसवलं जातं हा इथे प्रश्न आहे. एकात्मता हा या रीतीचा परिणाम नक्की झाला. मैंदर्गीच्या माणसाला केदारनाथ आपला वाटतो आणि ऊखीमठच्या माणसाला कानडी नावं परिचित असतात, ही छोटी गोष्ट नाही. पण परिणामाला हेतू मानण्याची घाई इतिहासात नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दक्षिणेतले पुजारी आचारानं कडक, वेदपाठात पक्के, म्हणून त्यांना बोलावलं. परकेपणा हा ओघानं आलेला भाग, असं कुणी म्हणेल. पशुपतिनाथाच्या आणि बदरीनाथच्या बाबतीत यात तथ्य आहे. कर्नाटकातल्या आणि केरळातल्या वैदिक घराण्यांची कीर्ती तेव्हा उत्तरेत होती, आणि मुसलमानी राज्यांपासून दूर राहिल्यामुळे दक्षिणेचा आचार शुद्ध राहिला, असं हिमालयातल्या राजांना वाटत असणार. पण शुद्धता हेच एकमेव कारण मानलं तर दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. एक, ज्यांना ब्राह्मणी उतरंडीत वरचं स्थान नव्हतं, उलट जातिसूतक नाकारल्यामुळे जे वैदिकांच्या टीकेचे धनी झाले, ते वीरशैव केदारनाथच्या रावलपदी कसे? दोन, शुद्धता वंशातून येते असं मानणाऱ्या समाजानं शुद्ध माणसाला वंश नाकारावा, हे कसं? दोन्हींचं उत्तर परकेपणात मिळतं. तिथे नंबुद्री आणि जंगम यांच्यात सामाईक काय आहे? वेद नाही, सुतकाची कल्पना नाही, जातही नाही. सामाईक एवढंच की दोघंही फार लांबचे आणि दोघांनाही तिथे सोयरे नाहीत.

अट नसती तर काय झालं असतं, याचं उत्तर भक्तपूरमध्ये आहे. काठमांडूच्या खोऱ्यातल्या या जुन्या राजधानीत मल्ल काळापासूनचा जंगम मठ आहे. काशीच्या जंगमवाडीशी त्याचं नातं आहे, आणि त्याचे जंगम मूळचे दक्षिणेतले मानले जातात. पण पशुपतिनाथासारखा राज्याचा डोळा या मठावर नव्हता, दर पिढीला दक्षिणेतून नवा माणूस आणण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे तिथले जंगम हळूहळू खोऱ्यातलेच झाले. नेपाळात जंगम हे आडनाव आणि एक लहान समाज उरला. मला या मठाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि मराठी-कानडी अभ्यासकांनी तिकडे अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही याची खंतही वाटते. माणसं दक्षिणेतलीच, वाट तीच. नियम नव्हता तिथे परके हळूहळू गावचे झाले, नियम होता तिथे पाचशे वर्षांनंतरही पुजारी परकाच राहिला. हा फरक स्वभावानं पडलेला नाही, व्यवस्थेनं पाडलेला आहे.

व्यवस्थेचा आधार काढून घेतला की काय होतं, हेही दिसलं. २८ मे २००८ ला नेपाळची राजेशाही संपली. प्रजेला सुतक लावणारा बापच उरला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीला पंतप्रधान प्रचंड यांच्या सरकारनं दक्षिणी भट्टांच्या जागी नेपाळी पुजारी नेमले. भंडाऱ्यांनी आणि भाविकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २००९ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटकातून नव्यानं आलेल्या दोन भट्टांना देवळाच्या आवारात मारहाण झाली. ज्या कारणासाठी त्यांना पाच शतकं आणलं जात होतं, तेच आता त्यांच्याविरुद्धचं आरोपपत्र झालं. राजाच्या राज्यात परका माणूस निःपक्षपाती ठरत होता. लोकांच्या राज्यात तो उपरा ठरला. नेपाळी पुजारी हवा ही मागणी अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही. आपल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या देवळात आपल्या माणसाला देवाला हात लावता येऊ नये, हे कुठल्याही स्वाभिमानी समाजाला सलणारच. शिवाय परक्या पुजाऱ्यांचा कारभार नेहमी निर्मळ होता असंही नाही. बदरी-केदारच्या रावलांच्या आर्थिक व्यवहारांविषयी इंग्रज काळात तक्रारी वाढत गेल्या आणि शेवटी १९३९ च्या कायद्यानं देवळांचा कारभार समितीकडे गेला. परका माणूस सोयऱ्यांसाठी चोरत नाही, पण त्याला विचारणारंही कुणी नसतं, ही या रीतीतली खरी फट होती. मात्र ज्यांना मारहाण झाली त्यांनी ही व्यवस्था निर्माण केली नव्हती. ते तिचे नोकर होते, आणि देणं त्यांच्याकडून वसूल केलं गेलं.

मैंदर्गीला हा वाद अनोळखी नाही. १९६७ मध्ये महाजन आयोगानं सगळा अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, द्यावा अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. पण घर न सोडता, शेत न विकता, केवळ भाषेच्या गणतीवरून आपण इथले की तिथले हा प्रश्न या गावांवर येऊन पडला आणि अजून पूर्ण उठलेला नाही. दोन भाषांत वावरणाऱ्या या माणसांना एकाच बाजूचं ठरवण्याची निकड सरकारला होती, त्यांना स्वतःला ती फारशी नव्हती. काशीपर्यंत, केदारपर्यंत गेलेला इथला जंगम वाटेत हिंदी शिकला, संस्कृत शिकला, गढवाली शिकला, आणि कुठल्याही एका भाषेनं त्याची ओळख पुरी झाली नाही, हे मला याच मातीचं देणं वाटतं.

२०२० च्या टाळेबंदीनं या जुन्या रीतीची परीक्षा घेतली. देवळं उघडायची वेळ आली तेव्हा केदारनाथचे रावल नांदेडमध्ये अडकले होते आणि बदरीनाथचे केरळात. परवानग्या काढून रस्त्यानं प्रवास करून ते डोंगरात पोचले आणि विलगीकरणात राहिले. केदारनाथचं देऊळ २९ एप्रिलला ठरल्या दिवशी उघडलं, कारण पूजा करणारे शिष्य डोंगरातच होते. बदरीनाथला मात्र रावलाशिवाय मूर्तीला शिवायला कुणी नाही. डिमरींनी पूजा करावी का अशी चर्चा झाली, आणि अखेर गढवालच्या राजांचा वारसा सांगणाऱ्या टिहरीच्या राजघराण्यानं उघडण्याचा दिवस १५ मेपर्यंत पुढे ढकलला. देशभर सगळं थांबलेलं असताना एक देऊळ एका परक्या माणसाची वाट पाहत बंद राहिलं. त्याच्या शेजारीच राहणारे, पूजा येणारे, हक्क असणारे ब्राह्मण होते. तरीही नियम मोडला नाही.

आज सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून नेपाळात जाणारा मराठी माणूस वेगळा आहे. खानापूर, आटपाडी, सांगोला या तालुक्यांतले सोनं-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक विसाव्या शतकात भारतभर पसरले आणि काठमांडूच्या सराफ्यापर्यंत पोचले. तिथले सराफ आपलं सोनं त्यांच्या मुशीत ओततात. देव आणि सोनं, दोन्हींना हात लावायला माणसाला लांबचा माणूस बरा वाटतो, एवढं या दोन धंद्यांत सारखं आहे. पण गलाईवाला बायकामुलांसह राहतो, मुलाला धंद्यात घेतो, गावच्या जत्रेला परत येतो, गावात घर बांधतो. त्याच्या घरी कुणी वारलं तर तो दुकान बंद ठेवून सुतक पाळतो. मठात दिलेल्या मुलाचं तसं नसतं. त्याची आई मैंदर्गीत वारली काय आणि आळंदला वारली काय, त्याला सुतक नाही, आणि दुसऱ्या दिवशीची पूजा त्यालाच करायची असते. राजांना त्याच्यात जो गुण हवा होता तो हाच. त्या गुणाची किंमत मात्र राजांनी दिली नाही, दर पिढीला एकेक मुलगा देऊन ती इकडच्या घरांनी दिली. गढवालच्या आणि नेपाळच्या दप्तरांत रावल आणि भट्टांच्या नेमणुका सापडतील. ज्या घरांतून हे मुलगे गेले त्यांचा इतिहास लिहायचा असेल तर मठांतले जुने कागद आणि घराघरांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी याच पट्ट्यात येऊन, कानडीत आणि मराठीत, गोळा कराव्या लागतील.